निळ्या जाळावरचा चहा

माझी आई कधी सरकारी नोकरीत नव्हती. तरीही सुरतेच्या आसपासच्या कितीतरी शेतकऱ्यांना गोबरगॅसचं सरकारी अनुदान मिळालं ते आईने त्यांच्याकडे बशीभर चहा प्यायल्यावरच. हे मी कुणाला सांगते तेव्हा लोकांना वाटतं, म्हातारी गंमत करतेय. नातवंडं तर सरळ हसतात. गंमत नाही. अण्णा, म्हणजे माझे वडील, तेव्हा तिथे शेतीखात्यात होते, आणि त्या काळात सरकारच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली होती, की शेतकऱ्याने शेण थापून जाळून टाकू नये. ते खड्ड्यात घालावं, त्याचा गॅस निघतो त्यावर रांधावं आणि उरलेली रबडी शेतात खत म्हणून टाकावी. जो शेतकरी असा खड्डा बांधेल त्याला खर्चातला बराचसा भाग सरकार देणार. पहिला हप्ता बांधकाम झालं की. दुसरा हप्ता शेगडी पेटलेली साहेबाने डोळ्यांनी पाहिली, आणि पुढे काही महिन्यांनी वरच्या साहेबाला ती रोजच्या वापरात दिसली, म्हणजे मग. तोवर गॅस बंद पडला तर दुसरा हप्ता नाहीच, पहिलाही परत.

अडचण शेगडीपाशी होती. खड्डा अंगणात, त्यावरची लोखंडी टाकी अंगणात, तिथवर अण्णा ऐटीत सगळं मोजूनमापून बघत. पण शेगडी असायची रांधणीत, म्हणजे स्वयंपाकघरात, आणि परक्या पुरुषाला रांधणीत कोण येऊ देणार? दारातून मान वाकडी करून 'ज्योत दिसली' असं लिहिणं अण्णांच्या स्वभावात नव्हतं. एकदा कुठल्याशा गावी त्यांनी आईला बरोबर नेलं, ती आत जाऊन बघून आली, आणि तिथल्या बाईने आग्रहाने त्याच जाळावर चहा करून तिला पाजला. पुढच्या गावी ही बातमी आईच्या आधी पोचली होती. बघता बघता ती रीतच पडून गेली. साहेबांची घरवाळी, म्हणजे बायको, आत जाणार, शेगडी पेटणार, चहा उकळणार, घरवाळी तो पिणार, मग बाहेर येऊन अण्णांना म्हणणार, "चांगला झालाय." एवढं ऐकलं की अंगणातल्या बायका पदर सावरत हसायच्या. अण्णांनी कागदावर काय लिहिलं याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसायचं.

यामागचं कारण तेव्हा मला कळत नव्हतं, आणि कळत नव्हतं हेच पुढे महाग पडलं. शेणाच्या गॅसवर शिजलेलं खावं की नाही, याचा त्या गावांतल्या म्हाताऱ्यांना मोठा पेच होता. शेणाची गोवरी जाळली तर चालते, मग गॅसने काय बिघडतं, असं अण्णा त्यांना समजावत, आणि म्हातारे मान डोलावून म्हणत, "साहेब, तमे तो हॉटेलमां बी खाव." अण्णांचं खाणंपिणं हिशोबातच नव्हतं. पण आई आमच्या बामणाच्या घरातली, सोवळ्यात स्वयंपाक करणारी, कपाळावर आडवी चिरी आणि नऊवारी लुगडं. तिने चहा प्यायला म्हणजे शेणाच्या गॅसने काही बाटत नाही, विटाळ होत नाही, हे सिद्ध झालं. ती शेगडी बघायला जातेय असं आम्ही समजत होतो. प्रत्यक्षात घरोघरी ती परवानगी वाटत होती.

आमचं घर नानपुऱ्यात होतं, दोन खोल्या आणि मागे एक चिंचोळं अंगण. शेजारी जरीचं काम चालायचं, त्याच्या चाकांची बारीक घरघर दिवसभर भिंतीतून ऐकू यायची आणि सुट्टीच्या दिवशी ती थांबली की चुकल्यासारखं व्हायचं. आईचा स्टो त्या घरघरीवर मात करायचा. सकाळी पिन मारून, पंप मारून, रॉकेलच्या वासात ती एकदा त्याच्याशी भांडायला बसली की आमची खैर नसे. आमटीला गूळ किती यावरून ती आणि शेजारच्या हंसाबेन यांचा वाद वर्षानुवर्षं चालला होता. हंसाबेन आमच्या आमटीला 'तीखी' म्हणायच्या आणि आई त्यांच्या डाळीला 'पाक'. इतकी वर्षं राहून आईला गुजराती आली नाही. तिचं म्हणणं, आपण नीट बोललो तर समोरच्याला कळतंच. "बहु छान झाला चा, हं," असं ती म्हणायची, आणि खरंच समोरच्या बाईला कळायचं. मी मात्र गुजराती शाळेत शिकत होते आणि माझी भाषा चुरूचुरू चालायची. म्हणून शाळा नसली की मला दुभाषी म्हणून नेत. मला त्याचा भारी तोरा होता.

आईला या फेऱ्या आवडत हे तिने कधी कबूल केलं नाही. पण आदल्या दिवशी ती लुगडं काढून ठेवायची. निळी ज्योत बघितली की तिचा चेहरा बदलायचा. धूर नाही, काजळी नाही, पंप मारायला नको. घरी आल्यावर स्टोसमोर बसून म्हणायची, "ती खेड्यातली बाई माझ्यापेक्षा सुखी." आणि अण्णांना टोमणा, "सगळ्या जिल्ह्याला गॅस वाटता, घरात आणा की एक."

मणीबेनशी आमची ओळख त्यांच्या शेगडीच्या कितीतरी आधीची. डिंडोलीच्या छगनभाईंची ही बायको. उंच, सावळी, हातावर गोंदण, आणि डोळे कायम लाल. सुरतेला भाजी घेऊन यायची तेव्हा टोपली रिकामी करून आमच्याकडे पाणी प्यायला थांबायची. थंडीत पापडी आणायची, ज्वारीचा पोंक, म्हणजे हुरडा, आणायची. आई तिला वर्तमानपत्रात बांधून लाडू द्यायची. मणीबेनच्या सासूची नजर चुलीपुढे गेली होती, शेवटी शेवटी ती म्हातारी हाताने चाचपून रोटला थापायची. मणीबेनचेही डोळे संध्याकाळ झाली की गळायला लागत. "मारी पोयरीनं आवुं नथी थवा देवुं," असं ती आईला म्हणाली होती, आणि आईला ते दुभाष्याशिवाय कळलं होतं. मुलीचे डोळे तरी वाचावेत एवढ्यासाठी ती बाई वर्षभर अण्णांच्या मागे लागली. नवऱ्याला तिने वळवलं. सासरे, भगाकाका, वळत नव्हते. फळियातला, म्हणजे त्या आळीतला, पहिला गोबरगॅस आपल्या घरी आणि तो बिघडला तर तोंड कुठे लपवायचं, हे त्यांचं एक. आणि दुसरं, चुलीच्या देवतेला उठवून तिथे शेण बसवायचं, हे. शेवटी त्यांनी एक अट घातली. साहेबांच्या घरवाळीने माझ्या देखत त्या गॅसचा चहा प्यायला तर मीही पिईन, आणि मग घरात त्यावरच रांधा. ही अट मणीबेननेच हसत हसत आम्हाला सांगितली होती. म्हणजे आम्हाला ठाऊक होती. मला ठाऊक होती. यातून सुटायला मला जागा नाही.

भाद्रपदातले दिवस. अण्णा संध्याकाळी घरी येऊन म्हणाले, "उद्या डिंडोली. मणीबेनची टाकी भरलीय." आई वाळूची परात घेऊन बसली होती. म्हणाली, "उद्या हरतालिका." अण्णा बूट काढत म्हणाले, "मग उपास मोडायला कोण सांगतंय? नुसती ज्योत बघून ये." आईने एकदा मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं, आणि पुन्हा वाळू चाळायला लागली. ती काहीतरी विचारात पडलीय हे मला दिसलं, पण मी माझ्याच नादात होते. हरतालिकेचा निर्जळी उपास मी त्या वर्षी पहिल्यांदा धरणार होते. पाण्याचा थेंबही नाही. चांगला नवरा मिळावा म्हणून. नवरा पुढे मिळाला तो बरा होता, चांगलाच होता, पण त्याच्यासाठी एका बाईची चूल पुन्हा पेटावी एवढा काही तो नव्हता. हे मी त्यालाही सांगितलेलं आहे.

बसने उधन्यापर्यंत गेलो. पुढे छगनभाई बैलगाडी घेऊन आले होते. काळी माती चाकांना लगडत होती, दोन्हीकडे ज्वारी उभी, आणि लांब रेल्वेच्या रुळांवरून मालगाडी रखडत चालली होती. आज त्या वाटेवर गेलात तर एक कणीस दिसायचं नाही. लूमचा खडखडाट, रांगेने घरं, आणि खिडक्याखिडक्यांतून आपल्या खानदेशची भाषा. काही वर्षांपूर्वी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने तिथे घर घेतलं म्हणून गेले होते. त्याची आई दारातच म्हणाली, "बसा ना बाई, च्या ठेवस." मी बसले, चहा घेतला, आणि घर दाखवत असताना तिच्या फरशीखाली कुठे तो खड्डा असेल का, असं माझ्या मनात येत राहिलं. तिला बिचारीला वाटलं, बाईंना घर आवडलं नाही.

मणीबेनने सगळं अंगण सारवलं होतं. टाकी गॅसने फुगून वर आली होती, लहान मुलं तिच्याभोवती नाचत होती. अण्णा आणि छगनभाई तिथेच थांबले. आम्ही आत गेलो. रांधणीत फळीवर पितळेची भांडी चिंचेने घासून ओळीने मांडली होती. कोपऱ्यात जुनी चूल होती, तिला पांढरी माती फासून वर एक तांब्या ठेवला होता. तिला त्या घराने मानाने निरोप दिला होता. दारात फळियातल्या बायका दाटीवाटीने उभ्या. भगाकाका खाटेवर न बसता खाली पाटावर बसले होते, पांढरं स्वच्छ धोतर, हात मांडीवर. त्यांच्यासाठी रांधणीत येऊन बसणं हीच मोठी गोष्ट असणार. मणीबेनची मुलगी, माझ्याहून थोडी लहान, मणीबेनच्याच पदराला धरून उभी होती.

मणीबेनने चावी फिरवली, काडी लावली. भप् असा आवाज झाला आणि निळी ज्योत गोल उभी राहिली. बायकांनी "ओ मा" केलं. आई तर वाकून बघतच राहिली. पातेल्यात फुदिना, गवती चहाची पात, घरच्या म्हशीचं दूध. उकळीचा तो वास आला आणि मला माझ्या कोरड्या घशाची पहिल्यांदा जाणीव झाली. मणीबेनने दोन बशा भरल्या. एक सासऱ्यांपुढे ठेवली आणि एक आईच्या हातात दिली. अण्णांनी नुसती ज्योत बघून ये म्हटलं होतं, पण त्या रांधणीत नुसती ज्योत बघून येणं म्हणजे काय, हे तिथे उभं राहिल्यावर कुणालाही कळलं असतं.

आईने बशी घेतली. दोन्ही हातांनी धरली. एकदा फुंकर घातली आणि ओठांपाशी नेली. भगाकाकांनीही आपली बशी उचलली.

आणि मी मोठ्याने म्हणाले, "आई! आज हरतालिका!"

आईचा हात थांबला. तिने माझ्याकडे पाहिलं. ती रागावली नव्हती. पकडल्यासारखी दिसली, आणि ते मला तेव्हा आवडलं, हे मला नीट आठवतं. चुकीच्या वाटेने चाललेल्या मोठ्या माणसाला आपण सावरलं, असं वाटलं. तिने बशी खाली ठेवली. दारातल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मणीबेन म्हणाली, "हुं थयुं बेन? चा हारी नथी?" काय झालं, चहा चांगला नाही का? दुभाषीण तयारच होती. मी छान शुद्ध गुजरातीत सांगितलं, की आज आमचा उपास आहे. मणीबेनचा चेहरा उजळला. "ले! उपवासमां चा तो चाले ज ने!" तिचं खरं होतं. त्यांच्याकडे उपासाला चहा चालतोच. पोरींचं गौरीव्रत असतं तेव्हा त्या अळणी खातात, पण खातात. नानपुऱ्यातल्या हंसाबेन त्याच दिवशी केवडात्रीज, म्हणजे त्यांची हरतालिकाच, धरून दिवसभर केवडा हुंगत बसायच्या, त्यांना कळलं असतं. डिंडोलीच्या त्या फळियात ही त्रीज कुणी धरत नव्हतं. मी मान ताठ करून म्हणाले, "अमारामां तो पाणी पण नथी चालतुं."

कुणी भांडलं नाही, कुणी आवाज चढवला नाही. पाणीसुद्धा चालत नाही असा उपास त्यांनी ऐकलाच नव्हता, आणि तो नेमका आज, नेमका इथे निघाला होता. भगाकाकांनी बशीत एकदा पाहिलं. मग ती हळूच जमिनीवर ठेवली, हात धोतराला पुसले आणि म्हणाले, "बराबर छे." त्यांच्या लेखी भल्या घरच्या बाईने शेणाचा चहा नाकारायला सोज्वळ निमित्त काढलं, आणि तिने आपला मान राखला म्हणून तेही तिचा मान राखत होते. दारातली एक बाई तोंडाला पदर लावून हसली. मणीबेन तशीच उभी होती. आईने तिचा हात धरला आणि म्हणाली, "खरंच उपास आहे हो. खरंच. हूं फरी येते. परवा येते. परवा पीते." ती इतकी घाबरून बोलत होती की तिचं ते मोडकं गुजराती पहिल्यांदाच कुणाला कळलं नाही. मला कळत होतं, मी ते सांगू शकले असते. मी सांगितलं नाही. एकदा आपण बरोबर ठरलो की पुढची बोलणी करायची गरज कुणाला वाटते? मणीबेनने वाकून चावी बंद केली. ज्योत गेली.

बाहेर अण्णांना कळलं तेव्हा ते मोठ्याने हसले, अंगणातच उभं राहून तो चहा प्यायले, आणि छगनभाईंच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "पास!" कागदावर पास झालंच होतं. पण कागदाला तिथे विचारतो कोण? संध्याकाळी वाळूच्या पिंडीवर पत्री वाहताना आई मधेच थांबून म्हणाली, "तिने चुलीला पांढरी माती फासली होती, बघितलीस?" मी हो म्हणाले आणि पुढची पत्री हातात दिली.

परवाचं काही जमलं नाही. दुसऱ्या दिवशी गणपती, मग पाहुणे, मग मला ताप, मग अण्णा दौऱ्यावर. खरी कारणं होती सगळी, पण ती मोजायला बसलं की लाज वाटते. दिवाळीनंतर एका सकाळी छगनभाई पापडीची टोपली घेऊन आले आणि बाहेरच उकिडवे बसले. आई चहा टाकू लागली तर म्हणाले, नको. सगळं त्यांनी जमिनीकडे बघत सांगितलं. भगाकाका त्या दिवसापासून गॅसवरचं खात नव्हते. मणीबेन काही आठवडे दोन्हीकडे रांधत होती, म्हाताऱ्याचं चुलीवर, बाकीच्यांचं गॅसवर. मग फळियातल्या बायकांनी तिच्याकडचं ताक, विरजण घेणं बंद केलं. मुलीची सोयरीक चालली होती, तिकडच्या माणसांनी पाणी पिण्याआधी विचारलं, की तुमच्याकडे रांधता कशावर? त्या दिवशी मणीबेनने स्वतःच खड्ड्यात शेण घालणं बंद केलं. मुलीचे डोळे वाचवायला आणलेला गॅस मुलीच्याच आड आला होता. वरचे साहेब तपासणीला आले तेव्हा टाकी खाली बसलेली होती. अनुदान रद्द झालं. पहिला हप्ता परत मागितला गेला.

आई आतून ऐकत होती. छगनभाई गेल्यावर ती बाहेर आली आणि अण्णांना म्हणाली, "तुम्ही लिहा ना, गॅस चालू होता म्हणून. मी बघितलीय ज्योत." अण्णा म्हणाले, "आता चालू नाही." आई म्हणाली, "तो आपल्यामुळे चालू नाही." अण्णांनी चष्मा काढून पुसला. चांगला माणूस, खोटं लिहिणं त्यांना जमलं नाही, आणि खरं काय ते लिहायला त्यांच्या कागदावर जागा नव्हती. आई 'आपल्यामुळे' म्हणाली, हे मी दारामागे उभी राहून ऐकलं. 'हिच्यामुळे' असं ती म्हणाली असती तर मला सोपं गेलं असतं. ती आयुष्यात कधी तसं म्हणाली नाही.

मग एके दिवशी अण्णांना न सांगता ती मला घेऊन निघाली. उधन्यापासून आम्ही चालत गेलो. रस्ताभर ती माझ्याकडून गुजराती वाक्यं पाठ करून घेत होती. आम्ही पोचलो तेव्हा अंगणात टाकीच्या जागी मातीचा ताजा उंचवटा होता आणि त्यावर कोंबड्या उकरत होत्या. मणीबेन आत चुलीपुढे फुंकणी घेऊन बसली होती. आम्हाला बघून उठली, पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "आवो बेन, आवो." आईने बसल्या बसल्या आपली पाठ केलेली वाक्यं म्हणायला सुरुवात केली. पुन्हा शेण घाला, मी येईन, सगळ्या फळियाला बोलवा, मी सगळ्यांसमोर पिईन, जेवीन. शाळेतल्या मुलीसारखी ती घडाघडा म्हणत होती. मणीबेनने तिला पूर्ण बोलू दिलं. मग हसून म्हणाली, "टांकी तो गई, बेन. वेचाई गई." हप्ता परत भरण्यासाठी टाकी उधन्याच्या भंगारवाल्याला विकून टाकली होती. "हवे रेवा देव," ती म्हणाली. आता राहू द्या.

तिने चहा केला. लाकडं ओली होती, खोलीभर धूर झाला, तिची मुलगी कोपऱ्यात खोकत पीठ मळत होती. मणीबेनने बशी भरून आईपुढे धरली. "लेव बेन. आ चूलानी छे. आ तो चालशे ने?" हा चुलीवरचा आहे, हा तर चालेल ना? ती टोचून बोलली का? मी इतकी वर्षं तो आवाज आठवून बघते. मला वाटतं, नाही. तिने खरंच काळजीने विचारलं, आणि तेच मला सहन होत नाही. आईने ती बशी प्यायली, दुसरी मागून घेतली, तीही प्यायली. मला मणीबेनला सांगायचं होतं, की आई पीत होती, मी थांबवलं. माझ्याकडे सगळे शब्द होते, एक सोडून दोन भाषांतले. एकही निघाला नाही. निघताना मणीबेनने माझ्या हनुवटीला हात लावला, लाल डोळ्यांनी माझ्याकडे बघून हसली आणि विचारलं, "तारो उपवास फळ्यो के नहीं, पोयरी?" तुझा उपास फळला का गं?

त्या हिवाळ्यात आमच्या घरी सिलिंडरचा गॅस आला. अण्णांनी न सांगता नंबर लावून ठेवला होता, आईला आनंद होईल म्हणून. दुकानाच्या माणसाने शेगडी लावून पेटवून दाखवली, तीच निळी गोल ज्योत. हंसाबेनही बघायला आल्या. आईने बरं आहे म्हटलं आणि आत निघून गेली. त्यानंतर कितीतरी दिवस ती सवय म्हणून स्टोच पेटवायची. मणीबेन पुन्हा आमच्याकडे पाणी प्यायला आली नाही. कुणीतरी म्हणालं, ती आता बमरोलीकडच्या बाजाराला जाते. मी कधी चौकशी केली नाही. तिच्या मुलीचं लग्न झालं एवढं ऐकलं. डोळ्यांचं काय झालं ते ऐकलं नाही.

आईने हा विषय परत काढला नाही आणि मीही काढला नाही. पण एक प्रश्न मला सोडत नव्हता. त्या दिवशी बशी ओठांपाशी नेताना ती उपास विसरली होती, की मोडायला निघाली होती? विसरली असेल तर मी फक्त आठवण करून दिली, माझा गुन्हा अर्धा. मी मनात स्वतःला तेच सांगत असे. वर्ष गेलं, पुन्हा हरतालिका आली. परात, वाळू, पत्री सगळं मांडलेलं, मी न्हाऊन केस पुसत स्वयंपाकघरात गेले. आई सोवळ्यात शेगडीपुढे उभी होती. पातेल्यात चहा उकळत होता, फुदिन्याचा वास घरभर. तिने तो बशीत ओतला. दोन्ही हातांनी धरला, एक फुंकर घातली.

मी म्हणाले, "आई, आज..."

"माहीत आहे," आई म्हणाली. "तेव्हाही माहीत होतं." आणि उभ्या उभ्याच तिने बशी तोंडाला लावली.